पहिल्यांदा रक्तदान करताना: तरुण रक्तदात्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांतील रक्तदान शिबिरांत नोंदणीच्या टेबलावर मी गेली अनेक वर्षे स्वयंसेविका म्हणून बसत आले आहे. फॉर्म भरता भरता, किंवा रांगेतून हळूच बाजूला येऊन, मुलेमुली जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. आकडे आणि मुदती भारतातील रक्तपेढ्यांना लागू असलेल्या नियमांनुसार दिल्या आहेत. त्या दिवशी तुमचे रक्त घ्यायचे की नाही, याचा शेवटचा निर्णय मात्र शिबिरातील डॉक्टरांचाच असतो.

रक्तदानासाठी वय आणि वजन किती असावे लागते?

वयाची १८ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. वरची मर्यादा ६५ वर्षांची आहे. मात्र आयुष्यात पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचे वय ६० च्या पुढे नसावे. प्रथम वर्षात शिकणारी पुष्कळ मुले शिबिराच्या दिवशी साडेसतरा-पावणेअठरा वर्षांची असतात आणि 'दोन महिन्यांनी काय फरक पडतो' असे म्हणून आग्रह धरतात. या नियमाला सवलत नाही, त्यामुळे ओळखपत्र सोबत आणावे आणि जन्मतारीख खरी सांगावी.

वजन किमान ४५ किलो हवे. ४५ किलोच्या दात्याकडून ३५० मिलिलिटर रक्त घेतले जाते. वजन ५५ किलोंपेक्षा जास्त असेल, तर ४५० मिलिलिटरची पिशवीही घेता येते. काट्यावर उभे राहताना खिशात मोबाइल आणि किल्ल्या ठेवून ४५ चा आकडा गाठणारे मी पाहिले आहेत. कमी वजनाच्या शरीरातून तेवढेच रक्त काढले, की चक्कर येण्याची शक्यता वाढते, आणि तो त्रास काट्याला नव्हे, तुम्हालाच होतो.

आई नको म्हणते. घरच्यांची परवानगी लागते का?

कायद्याने लागत नाही. तरीही आईशी आदल्या दिवशीच बोलावे, कारण तिची काळजी बहुधा एकाच गोष्टीभोवती फिरत असते. एका शिबिरात एका मुलाने फोन माझ्या हातात दिला, आणि पलीकडून त्याची आई म्हणाली, "अहो ताई, त्याच्या अंगात आहेच किती रक्त, की तुम्ही ते काढायला निघालात?" प्रश्न अगदी रास्त होता, म्हणून उत्तरही हिशेबानेच दिले. पन्नास किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे साडेतीन लिटर रक्त असते. त्यातले ३५० मिलिलिटर, म्हणजे साधारण दहावा भाग, आपण घेतो, आणि निरोगी शरीर एवढी घट सहज सोसते. त्या बाईंनी मग मुलाने सकाळी काय खाल्ले होते तेही सांगितले, आणि ती माहिती आमच्या फारच उपयोगाची होती.

दिलेले रक्त किती दिवसांत भरून निघते?

रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, एक ते दोन दिवसांत भरून येतो. म्हणूनच नंतरचा दिवसभर पाणी भरपूर पिण्यास सांगितले जाते. लाल पेशींची संख्या पूर्ववत होण्यास काही आठवडे लागतात. सर्वांत मागे राहते ते लोह. एका पिशवीबरोबर साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह शरीरातून जाते आणि रोजच्या जेवणातून ते साठण्यास काही महिने लागू शकतात. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९० दिवसांचे आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर ठेवलेले आहे. स्त्रियांना पाळीतही दर महिन्याला लोह गमवावे लागते, ही गोष्ट इथे लक्षात घ्यावी.

रक्त तपासायला जसे उपाशीपोटी जातात, तसे यावे का? उपवास असेल तर चालेल का?

उपाशीपोटी मुळीच येऊ नये. साखर किंवा चरबी तपासण्यासाठी रक्त देणे आणि रक्तदान करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तदानाच्या आधीच्या चार तासांत पोटभर खाणे झालेले असावे, असा नियमच आहे. पोळी-भाजी, पोहे, उपमा, इडली, जे घरी रोज होते ते खावे. फार तेलकट टाळावे. रक्त देण्यापूर्वी दोन ग्लास पाणी प्यावे.

उपवासाच्या दिवशी रक्तदान करू नये, मग साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असली तरी पुढची तारीख घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी स्वतःच्या अनुभवावरून लिहिते. मी पहिल्यांदा रक्त दिले, ते एकोणिसाव्या वर्षी, श्रावणी सोमवारी. सकाळपासून फक्त चहा घेतला होता, आणि डॉक्टरांनी "जेवण झाले का?" असे विचारल्यावर, रांगेतल्या मैत्रिणींपासून मागे राहायला नको म्हणून, मी "हो" म्हणाले. खाटेवर काहीच झाले नाही. नंतर जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठड्याला धरून मी खाली बसले ते पंधरा मिनिटे उठता येईना. त्या शिबिरात दात्यांना बसवून ठेवायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या आणि जिन्याकडे लक्ष ठेवणारेही कोणी नव्हते, ही आयोजकांची चूक होतीच. परंतु त्याआधीचे खोटे उत्तर माझे होते.

आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. मद्य घेतलेले असेल, किंवा रात्रपाळी करून थेट आला असाल, तर त्या दिवशी देऊ नये.

बोटाला टोचून निळ्या पाण्यात रक्ताचा थेंब सोडतात, ते कशासाठी?

ते निळे पाणी म्हणजे मोरचुदाचे द्रावण असते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी जो मोरचूद वापरतात, तोच हा पदार्थ. फक्त इथे त्याची घनता अगदी मोजून, १.०५३ इतकी, ठेवलेली असते. हिमोग्लोबिन, म्हणजे लाल पेशींतले प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य, पुरेसे असलेले रक्त त्या द्रावणापेक्षा जड असते, म्हणून थेंब पाहता पाहता तळाशी जातो. हिमोग्लोबिन कमी असेल, तर थेंब मध्येच रेंगाळतो किंवा वर तरंगतो. तंत्रज्ञ त्या वेळी बाटलीकडे टक लावून काही सेकंद थांबलेले दिसतात, ते याचसाठी. अनेक रक्तपेढ्या आता छोट्या यंत्रावर नेमका आकडाही काढून देतात. स्त्री असो वा पुरुष, हिमोग्लोबिन दर १०० मिलिलिटर रक्तात किमान १२.५ ग्रॅम असावे लागते.

माझे हिमोग्लोबिन भरले नाही म्हणून परत पाठवले. माझ्यात काही दोष आहे का?

दोष मुळीच नाही. हा प्रश्न मुलीच अधिक विचारतात, आणि पुष्कळदा डोळ्यांत पाणी आणून विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की स्त्रियांच्या बाबतीत १२ ग्रॅमच्या खाली आकडा गेला, तर त्याला रक्तक्षय म्हणतात, परंतु रक्तदानाची अट १२.५ ची आहे. म्हणजे १२.२ असलेली मुलगी आजारी नसते. तिच्याजवळ दुसऱ्याला देण्याइतकी शिल्लक नसते, इतकेच. दुसरी गोष्ट, तुम्ही एकट्या नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते. शिबिरात न आलेल्या कित्येक जणींना आपला आकडा ठाऊकच नसतो. तुम्हाला तो कळला, आणि तोही एक पैसा खर्च न करता.

आता करायचे काय? आकडा ११ किंवा त्याच्याही खाली असेल, तर बीट आणि डाळिंबावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. बिटाचा रंग लाल असतो म्हणून ते रक्त वाढवते, ही समजूत घराघरांत आहे. त्यात लोह फारसे नसते. त्यापेक्षा हळीव, बाजरी, तीळ, चवळी, मटकी आणि हिरव्या पालेभाज्या अधिक उपयोगाच्या आहेत. भाजीवर लिंबू पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागते, आणि जेवणाला लागूनच चहा घेऊ नये, कारण त्याने ते अडते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले, एवढा एक बदल केला, तरी तो उपयोगी पडतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या असतील, तर महिनाभराने थांबवू नयेत. सांगितलेली मुदत पूर्ण करावी आणि पुन्हा तपासून घ्यावे.

पाळी चालू असताना रक्त देता येते का?

पाळीच्या दिवसांत रक्त घेऊ नये, अशी सूचना आहे. पाळी संपल्यावर द्यावे. यामागे विटाळाची कल्पना अजिबात नाही; त्या दिवसांत शरीरातून रक्त जातच असते, त्यात आणखी भर घालू नये, एवढाच विचार आहे. टेबलावर पुरुष स्वयंसेवक असेल आणि संकोच वाटत असेल, तर 'आज नको, पुढच्या आठवड्यात रक्तपेढीत येते' एवढे म्हटले तरी पुरे. कोणी कारण विचारू नये, असे आम्ही आमच्या मुलांना सांगून ठेवलेले असते.

गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत रक्तदान करता येत नाही. बाळंतपणानंतर १२ महिने आणि गर्भपातानंतर ६ महिने थांबावे लागते.

मी टॅटू काढला आहे. कायमचा बाद झालो का?

नाही. टॅटू काढल्यापासून किंवा कान-नाक टोचल्यापासून १२ महिने थांबावे लागते, नंतर देता येते. दुकान कितीही स्वच्छ असले, तरी हा नियम सर्वांना सारखाच लागू आहे. जत्रेत गोंदून घेतले असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण तिथे एकच सुई अनेकांना वापरली जाण्याचा धोका असतो, आणि कावीळ 'ब' व 'क' यांचे विषाणू अशा सुईतून पसरू शकतात.

नुकताच आजारी होतो किंवा औषधे चालू आहेत. किती दिवस थांबू?

सर्दी, खोकला, ताप असेल, तर पूर्ण बरे वाटेपर्यंत थांबावे. हिवताप, म्हणजे मलेरिया, झाला असेल, तर बरे झाल्यापासून ३ महिने; डेंग्यू किंवा चिकुनगुन्या झाला असेल, तर ६ महिने; टायफॉइड झाला असेल, तर १२ महिने थांबावे लागते. कुत्रा चावून रेबीजची लस घेतली असेल, तर एक वर्ष. फिट येण्याचा आजार किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी, तसेच इन्सुलिन घेणाऱ्यांनी रक्तदान करू नये.

तुमच्या वयात एक औषध विशेष लक्षात ठेवावे, ते म्हणजे तारुण्यपीटिकांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन. मुरुमांचे औषध ते काय सांगायचे, असे वाटून मुलेमुली ते सांगत नाहीत. परंतु या औषधाने गर्भातील बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, आणि तुमचे रक्त कदाचित एखाद्या गरोदर स्त्रीलाच चढवले जाईल. शेवटची गोळी घेतल्यापासून एक महिना तरी थांबावे. औषधाचे नाव आठवत नसेल, तर मोबाइलमध्ये त्याच्या पाकिटाचा फोटो काढून आणावा.

फॉर्मवर इतके खासगी प्रश्न का असतात? खरी उत्तरे दिलीच पाहिजेत का?

दिलीच पाहिजेत. या सगळ्या पानावरचे एकच उत्तर वाचायला तुम्हाला वेळ असेल, तर ते हे वाचावे.

रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ 'ब', कावीळ 'क', सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. मग पुन्हा तोंडी प्रश्न कशाला, असे वाटणे साहजिक आहे. याचे कारण असे, की विषाणू अंगात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही दिवस, कधी काही आठवडे जातात. या मधल्या काळात तपासणीचा निकाल निर्दोष येतो, आणि रक्तातून आजार मात्र जाऊ शकतो. हा मधला काळ कोणतेही यंत्र पूर्णपणे भरून काढू शकत नाही. तो फक्त दात्याच्या खऱ्या उत्तरानेच भरून निघतो. असुरक्षित शरीरसंबंध, सुईने घेतलेली नशा, घरात कोणाला झालेली कावीळ, हे प्रश्न तुमच्या चारित्र्याची चौकशी करण्यासाठी नसतात. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असलेल्या एखाद्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, म्हणजे त्याला वर्षभरात कितीतरी अनोळखी माणसांच्या उत्तरांवर भरवसा ठेवावा लागतो. तो ते उत्तर तपासू शकत नाही.

अडचण अशी, की महाविद्यालयातला फॉर्म बहुतेक वेळा मित्रांच्या घोळक्यात, एकाच्या पाठीवर कागद ठेवून भरला जातो, आणि तिथे 'नाही, नाही, नाही' अशा खुणा भराभर केल्या जातात. तुम्ही तसे करू नका. फॉर्म घेऊन बाजूला बसा. डॉक्टरांशी एकट्याने बोलण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो जरूर मागा. आणि रक्त देऊन झाल्यानंतर काही आठवले, किंवा संध्याकाळी ताप आला, तर रक्तपेढीला फोन करून पिशवीचा क्रमांक किंवा आपले नाव सांगा आणि 'माझे रक्त वापरू नका' असे कळवा. रक्तपेढीतले लोक यासाठी रागावत नाहीत, उलट आभार मानतात.

एचआयव्हीची तपासणी फुकट होते, म्हणून रक्तदान केले तर?

असे कधीही करू नये. कारण वर सांगितलेच आहे. शंका असेल, तर सरकारी रुग्णालयातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, ज्याला सर्वजण आयसीटीसी म्हणतात, ही तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते. तिथे जावे.

माझ्या रक्तात काही आढळले, तर मला कळवतात का? घरी कळेल का?

निकाल कळवावा की नाही, याबद्दल फॉर्मवरच तुमची संमती विचारलेली असते. 'कळवावा' असेच लिहावे आणि स्वतःचा चालू असलेला मोबाइल क्रमांक द्यावा. वडिलांचा किंवा मित्राचा क्रमांक देऊ नये. काही आढळल्यास तुम्हालाच बोलावून समुपदेशन केले जाते आणि पक्क्या तपासणीसाठी पुढे पाठवले जाते, कारण पहिल्या चाचणीत आलेला दोष दरवेळी खरा ठरतोच असे नाही. निकाल इतर कोणाला सांगता येत नाही.

रक्तदानाने एड्स होतो का?

होत नाही. सुई आणि पिशवी जोडलेलीच येते, निर्जंतुक असते, तुमच्यासमोर उघडली जाते आणि दुसऱ्या कोणालाही वापरली जात नाही. हवे असेल, तर वेष्टन उघडताना दाखवा, असे सांगावे.

सुई किती दुखते? प्रत्यक्ष काय काय होते?

वजन, रक्तदाब, नाडी आणि हिमोग्लोबिन तपासून झाले, की तुम्हाला खाटेवर किंवा आरामखुर्चीवर झोपवतात. दंडाला पट्टा आवळतात आणि हातात चेंडू देतात. कोपराच्या खोबणीत शीर सापडली, की तिथली जागा पुसून तीस सेकंद तरी वाळू देतात. त्या जागेला नंतर बोट लावू नये. सुई नेहमीच्या इंजेक्शनपेक्षा जाड असते, हे मी लपवत नाही. ती टोचताना चांगला चिमटा बसल्यासारखे दुखते, दोन-तीन सेकंदांत ते ओसरते, आणि मग फक्त हातात काही तरी आहे एवढे जाणवत राहते. सुई बघायची नसेल, तर मान वळवावी. त्यात कमीपणा नाही.

नळीतून रक्त पिशवीत उतरू लागते तेव्हा नळी हाताला कोमट लागते, आणि बहुतेकांना आश्चर्य वाटते ते याचेच. पिशवी एका यंत्रावर पाळण्यासारखी हलत असते, म्हणजे रक्त आतील द्रावणात मिसळते आणि गोठत नाही. चेंडू दाबत राहायचा, बोलत राहायचे. पाच ते दहा मिनिटांत पिशवी भरते. टोचल्यावर बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली, तर ती सोसत बसू नये. लगेच सांगावे, म्हणजे सुई काढली जाते.

चक्कर येईल अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही. चक्कर येण्याचे प्रमाण पहिल्यांदा देणाऱ्यांत, कमी वयाच्या आणि कमी वजनाच्या दात्यांत अधिक असते, म्हणजे नेमके तुमच्यात. भीतीमुळे किंवा रक्त कमी झाल्यामुळे नाडी आणि रक्तदाब अचानक खाली येतात आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते. आडवे करून पाय उंच केले, की बहुतेकांना काही मिनिटांत बरे वाटते.

टाळण्याचे उपाय साधे आहेत. आधी जेवण आणि पाणी. खाटेवर असताना पायांवर पाय टाकून मांड्या आणि पोटऱ्या काही सेकंद घट्ट आवळाव्यात, सोडाव्यात, पुन्हा आवळाव्यात. झाल्यावर एकदम उठू नये. आधी बसावे, मग उभे राहावे. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे बिस्किटे, सरबत घेत तिथेच बसावे. घाम फुटणे, जांभया येणे, कानात गुंई होणे, मळमळणे ही आधीची लक्षणे आहेत. ती दिसताच, जिथे असाल तिथे, जमिनीवर का होईना, आडवे व्हावे. लोक काय म्हणतील याचा विचार करून चालत राहिलेल्यांनाच डोक्याला मार लागतो.

नंतर गाडी चालवणे, जिम, ट्रेक चालेल का?

दुचाकी अर्ध्या तासानंतर, पूर्ण बरे वाटत असेल तरच. पहिल्या वेळी मित्राच्या मागे बसून गेलेले उत्तम. जिम, कबड्डीचा सराव, गडावरची चढाई, जड बादली उचलणे हे त्या दिवशी नाही. ज्या हाताने रक्त दिले, त्याने ओझे उचलू नये. पट्टी चार तास ठेवावी. धूम्रपान निदान दोन तास टाळावे. टोचलेल्या जागी काळेनिळे झाले, तर पहिल्या दिवशी बर्फ आणि नंतर कोमट शेक द्यावा. आठवडाभरात डाग जातो.

माझ्या रक्ताचे पुढे काय होते?

पिशवी रक्तपेढीत गेल्यावर वेगाने फिरवून तिचे भाग वेगळे केले जातात. लाल पेशी २ ते ६ अंश तापमानात, पिशवीतील द्रावणानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म पेशी, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात आणि त्या अवघे ५ दिवस टिकतात. प्लाझ्मा उणे ३० अंशांत गोठवून वर्षभर ठेवता येतो. अशा रीतीने तुमची एकच पिशवी बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या स्त्रीला, कर्करोगाच्या रुग्णाला आणि भाजलेल्या माणसाला, अशी तिघांना उपयोगी पडू शकते. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचे रुग्णही मोठ्या संख्येने रक्ताची वाट पाहत असतात.

मी रक्त फुकट देतो, मग रुग्णाकडून पैसे का घेतात?

पिशवी, पाच आजारांच्या तपासण्या, रक्तगट जुळवणी, भाग वेगळे करणे, शीतपेट्या आणि माणसांचे पगार यांचा तो खर्च असतो. त्याला प्रक्रिया शुल्क म्हणतात आणि त्याची कमाल मर्यादा सरकारने ठरवून दिलेली आहे. रक्ताची किंमत घेता येत नाही. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या 'धंदेवाईक' दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. ठरलेल्या शुल्कापेक्षा अधिक मागितले, तर पावती घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी.

शिबिरात भेटवस्तू देतात. घ्यावी का?

प्रमाणपत्र, दाता ओळखपत्र, चहा-नाश्ता हे ठीकच आहे. परंतु हेल्मेट, डबा, प्रवासी बॅग अशा वस्तूंची जाहिरात करून भरवलेल्या शिबिरांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. वस्तूसाठी आलेला माणूस परत पाठवले जाऊ नये म्हणून टॅटूची तारीख बदलून सांगतो, दोन महिन्यांपूर्वी रक्त दिल्याचे लपवतो. ज्या शिबिरात बक्षीस मोठे, तिथे पहिल्यांदा जाऊ नये, असा माझा सल्ला आहे.

शिबिरातच द्यावे, की रक्तपेढीत जाऊन? आणि कोणत्या दिवसांत?

पहिल्या वेळी मित्रांसोबत शिबिरात देणे सोपे जाते. दुसऱ्यांदा मात्र रक्तपेढीत जाऊन द्यावे. तिथे गर्दी कमी असते आणि गरज पाहून तुम्हाला बोलावताही येते. जवळची रक्तपेढी आणि तिथला साठा केंद्र सरकारच्या ई-रक्तकोश या संकेतस्थळावर पाहता येतो.

दिवसांबद्दल थोडे आवर्जून लिहावेसे वाटते. आपल्याकडे जयंती, गणेशोत्सव, नेत्यांचे वाढदिवस या दिवशी शिबिरांची रीघ लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत, परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे महाविद्यालये ओस पडली, की रक्तपेढ्यांची कपाटे रिकामी होतात. दिवाळीच्या सुट्टीतही तेच. लाल पेशी जेमतेम सहा आठवडे टिकत असल्याने फेब्रुवारीत जमलेले रक्त मे महिन्यात कामाला येत नाही. तेव्हा उन्हाळ्यात गावी गेलात, तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी देता येते का, ते जरूर पाहावे.

व्हॉट्सअॅपवर 'तातडीने रक्त हवे' असा संदेश आला, तर धावून जावे का?

आधी फोन करावा. असे संदेश कित्येक महिने, कधी वर्षभर फिरत राहतात आणि रुग्ण घरी जाऊनही नातेवाइकांना फोन येत राहतात. संदेशावर तारीख, रुग्णालय आणि प्रभाग नसेल, तर तो पुढे पाठवू नये. प्रत्यक्ष गेलात, तरी रक्त परवानाधारक रक्तपेढीतच द्यावे आणि कोणाकडूनही पैसे घेऊ नयेत.

माझा रक्तगट सर्वसामान्य आहे. माझ्या रक्ताचा उपयोग काय?

ज्या गटाचे दाते जास्त, त्या गटाचे रुग्णही जास्त. त्यामुळे सर्वसामान्य गटाची पिशवी रोज लागते.

दुर्मीळ गटाबद्दल विचारणाऱ्यांसाठी: 'बॉम्बे' हा रक्तगट १९५२ मध्ये डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. वरवरच्या तपासणीत तो 'ओ' असा दिसतो, परंतु त्या व्यक्तीला 'ओ' गटाचेही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच चालते. पहिल्या रक्तदानात हा गट लक्षात आलेले दाते आहेत. तुमचा तो निघाला, तर दुर्मीळ दात्यांच्या यादीत नाव नोंदवावे, स्वतःच्या वैद्यकीय कागदांवर ते ठळक लिहून ठेवावे आणि भावंडांची तपासणी करून घ्यावी, कारण तो त्यांच्यातही असण्याची शक्यता बरीच असते.

पुन्हा केव्हा देता येईल?

समजा, तुम्ही १५ ऑगस्टच्या शिबिरात रक्त दिलेत. मुलगा असाल, तर ९० दिवस १३ नोव्हेंबरला पूर्ण होतात. मुलगी असाल, तर १२० दिवस १३ डिसेंबरला. दाता ओळखपत्रावर शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहिलेली असते. त्यावरून पुढची तारीख काढून ती आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवावी, आणि त्या दिवशी पोटभर जेवून, जवळच्या रक्तपेढीची वेळ फोनवर विचारून निघावे.